अख्ख्या गावाचे फोन

"लाइन आहे ना, बाई?"

नमस्कार नाही, जोहार नाही. दारात टेकवलेल्या सायकलचं चाक अजून फिरत असायचं आणि भाऊंचा हात माझ्या स्विचबोर्डापर्यंत पोहोचलेला असायचा. आमच्याकडे विजेला लाइन म्हणतात. आहे म्हटलं की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. नाही म्हटलं की ते माझ्याकडे असे बघायचे, जशी मीच ती पदराच्या गाठीला बांधून ठेवली आहे.

अहेरीला बाजाराच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, फॉल आणि पिको. भाऊ दर बाजाराच्या दिवशी यायचे. नाल्यापलीकडच्या जंगलातल्या गावाहून, सायकलवर, खांद्याला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. त्या पिशवीत अख्ख्या गावाचे मोबाइल असायचे. गावात लाइन नव्हती, म्हणून गावाचे फोन आठवड्यातून एकदा माझ्या दुकानात जेवायला यायचे. हा शब्द माझा नाही, भाऊंचाच. "आज गजब उपाशी आहेत," असं ते पिशवी ओतताना म्हणायचे.

"बसा ना भाऊ."

"बसून का होते?"

हे त्यांचं दुसरं वाक्य. इतक्या वर्षांत मी त्यांना माझ्या स्टुलावर टेकलेलं पाहिलं नाही. चहा उभ्यानं, बोलणं उभ्यानं, एक पाय दुकानात आणि एक पायरीवर. खरं सांगते, मला अशा माणसांचा त्रास होतो. मी सुईत दोरा ओवत असते आणि समोर कुणी सारखं हलत राहिलं की माझा दोरा चुकतो. मी ओरडायची. ते दोन पावलं मागे सरकायचे आणि तिथं हलत राहायचे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच.

फोन सगळे एकाच जातीचे, स्वस्तातले, बटणांचे. खुणा मात्र ज्याच्या त्याच्या. एकाला लाल दोरा, एकाला बाळाच्या कमरेचा घुंगरू, एकीनं मागे टिकली चिकटवलेली. एक फोन पायमोज्यात घालून यायचा. एका म्हाताऱ्याचा फोन नेहमी भरलेलाच असायचा, कारण तो बिचारा लावणार कुणाला? तरी दर आठवड्याला तो पिशवीत असायचाच. मी कारण विचारलं तर भाऊ म्हणाले, "तो म्हणते, सगळ्याईचे जातेत तं माह्या फोनलेही बाजार पाहू द्या."

गावाला मधे एका योजनेतून सूर्याचे दिवे मिळाले होते. बॅटऱ्या लवकरच मेल्या, प्लेटा उरल्या. त्या काळ्या गुळगुळीत प्लेटांवर बायका मोहफुलं वाळत घालू लागल्या. भाऊ त्या योजनेला कधी नावं ठेवायचे नाहीत. म्हणायचे, "चांगली योजना आहे बाई. फुलं लवकर सुकतेत."

गावात टॉवरही नव्हता. नाल्याजवळच्या टेकडीवर चढून कधी मिळाली तर रेंज, नाही तर नाही. त्यामुळे फोन अहेरीत पोहोचले आणि बोर्डाला लागले की आठवडाभर अडकलेलं सगळं एकदम सुटायचं. टुणटुण, घरघर, कुठं कोंबडा आरवायचा, कुठं भजन सुरू व्हायचं. नवं गिऱ्हाईक असलं तर दचकून मागे सरायचं.

भाऊंचा नियम ठरलेला होता. एखादा फोन पहिल्यांदा वाजला, सोडायचा. दुसऱ्यांदा वाजला, सोडायचा. तिसऱ्यांदा वाजला की उचलायचा. "कंपनीवाले दोनदाच लावतेत," ते मला समजावायचे. "तीनदा लावते तो कामाचा असते." उचलला की आधी सांगायचे, "मी तो नाई. मी चार्जिंगवाला. बोला, पोचवतो." मग निरोप ऐकायचा आणि दुकानासमोर फेऱ्या मारत तो पुटपुटत पाठ करायचा. बाजारातले लोक त्यांना वळून बघायचे. मला लाज वाटायची, त्यांना नाही.

निरोप नुसता शब्दांचा नसायचा. हिवाळा सरता सरता आमच्याकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. तिकडून एकानं एकदा फोन केला, बायकोनं न विचारता बकरी विकली म्हणून भडकलेला. भाऊंनी गावात जाऊन त्या बाईच्या अंगणात उभं राहून तो निरोप दिला, आणि नवऱ्याच्या पट्टीत दिला. ओरडून, बोट नाचवून. बाईनं खराटा उचलला. पुढच्या बाजारी भाऊंनी नवऱ्याला उत्तर दिलं तेव्हा माझ्या दुकानात हात असा उगारला की कैचीवरचा कपडा खाली पडला.

"भाऊ, ओरडायची काय गरज होती? सरळ सांगायचं."

"तो गुस्स्यात होता ना बाई. गुस्सा इथीच ठेवून गेलो तं निरोप अर्धाच जाते."

एकदा मात्र तिसऱ्यांदा वाजलेला फोन त्यांनी उचलला आणि ऐकता ऐकता ते जागच्या जागी उभे राहिले. चंद्रपूरच्या दवाखान्यात गावातली एक म्हातारी वारली होती आणि तिला घेऊन गाडी निघाली होती. फोन ज्याचा, त्याचीच आई. भाऊंनी बोर्डावरचे सगळे फोन भराभर उपटले.

मी म्हटलं, "अहो, अजून अर्धेही भरले नाहीत. लोक बोलतील."

"चार्जिंग पुढच्या बाजारी होते. माती एकदाच होते."

असं म्हणून गेलेसुद्धा. पुढच्या आठवड्यात कळलं की गावात पोहोचल्यावर त्यांनी त्या मुलाला लगेच काही सांगितलं नाही. तो जेवत होता. भाऊ अंगणात येरझारा घालत राहिले, त्याचं जेवण होईपर्यंत. पोटात अन्न असलं की माणूस उभा राहतो, हे त्यांचं म्हणणं.

भाऊंची बायको लवकर गेली होती. एकच मुलगी. ती इथं आश्रमशाळेत होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी माझ्या दुकानात यायची. बापाच्या अगदी उलट, बसली की बसलीच. काज-बटण, कळी, गळा, एकदा दाखवलं की तिच्या हातात आलं. शाळा सुटल्यावर मी माझी जुनी पायमशीन तिला देऊन टाकली. काही महिने तिनं गावात शिवलंही. पण जंगलातल्या गावात दिवस पाण्यात, शेतात आणि रानात जातो. शिवायला वेळ मिळणार तो अंधार पडल्यावर, आणि चिमणीच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. शेवटी एका प्रशिक्षणवाल्यांच्या गाडीत बसून ती तमिळनाडूत कपड्याच्या कंपनीत गेली. तिथं ती फक्त कॉलर लावते. बाही दुसरी लावते, खिसा तिसरी. अख्खा शर्ट शिवायला शिकवलेली माझी पोर, मला अजून राग येतो.

जाताना माझ्याच पायरीवर उभी राहून ती बापाला म्हणाली होती, "लाइन आली का येइन बाबा. मोटर घेऊन येइन, मशीनले लावीन. मंग गावातच शिवीन."

त्या दिवसापासून भाऊंना दुसरं काही सुचेना. गावात लाइन आणायची आणि पोरगी घरी आणायची, त्यांच्या डोक्यात हे दोन नव्हतं, एकच काम होतं.

बाजाराच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा. तो मात्र ते पहिल्याच घंटीला उचलायचे. "जेवली का माय? का होतं जेवाले? लाइनचं काम चालू आहे, खांब आले." खांब आले होते हे खरं. ते नाल्याच्या अलीकडे आडवे पडले होते आणि त्यांच्यावर शेळ्या बसायच्या. पलीकडे जंगल. जंगलातून तार ओढायची तर वनखात्याचा कागद हवा.

मग फोन बोर्डाला लावायचे, मला राखण बसवायचं आणि निघायचं. आधी लाइनच्या ऑफिसात, मग वनखात्यात, मग परत लाइनच्या ऑफिसात. घामाघूम होऊन यायचे. "हे म्हणतेत त्याईचा कागद पाह्यजे. ते म्हणतेत याईचा पाह्यजे. मी म्हटलं, साहेब, दोघंही एकमेकाले तीनदा फोन लावून पाहा ना."

लाइनच्या ऑफिसातला शिपाई माझ्याकडे परकर शिवायला टाकतो, बायकोचे. तो एकदा कळवळून म्हणाला, "तुमच्या त्या भाऊंना सांगा ना हो बसायला. केबिनमध्ये उभे राहतेत, या पायावरून त्या पायावर. साहेब वैतागून गेलेत." मी सांगितलं. भाऊ म्हणाले, "बसलो असतो तं ते इसरले असते मले."

मी स्वभावानं तोंडाळ आहे. एक दिवस स्पष्टच बोलले, "भाऊ, लाइन आली की तुम्हाला फोन कोण देणार? घरोघरचे तांदूळ मिळतात, मोहफुलं मिळतात, ते या पिशवीमुळे. तुम्ही स्वतःचीच पिशवी फाडायला निघालात."

"फाटू दे," ते म्हणाले. "पोरगी येते ना." आणि बोर्डावरचा कुठलातरी फोन तिसऱ्यांदा वाजला म्हणून तिकडे वळले.

एका उन्हाळ्याच्या तोंडाला ते दुकानात आले आणि बोर्डाकडे बघितलंसुद्धा नाही. "आली, बाई," म्हणाले. "वनखात्याचा कागद निघाला, तार आली, डीपी बसली, घराघरात मीटर लागलं." डीपी म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर. मी मशीन थांबवली. मला काय झालं कुणास ठाऊक, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी त्यांना पेढे आणायला पिटाळलं. पेढे आणायच्या आधी त्यांनी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, सुट्टी मागते, थोड्या दिवसांची. आधी डोळ्यांनी बघते, मोटर चालवून बघते.

पुढच्या बाजारी भाऊ आले ते पुन्हा पिशवी घेऊन. पिशवी भरलेली.

"आता हे काय? गावात लाइन आली ना?"

"आली. पण लावायची नाई अजून." ते ओशाळून हसले. "पंडुम व्हायचा आहे."

पंडुम म्हणजे त्यांच्याकडचा सण, नव्याचा. आंबा पिकून पायाशी पडला तरी गावात तो कुणी तोंडाला लावत नाही. आधी देवीला दाखवायचा, गावानं मिळून पंडुम करायचा, मग खायचा. मोहाचं तसंच, बियाण्याचं तसंच. आता गावाच्या भूमियानं, म्हणजे पुजाऱ्यानं, ठरवलं होतं की लाइन हीसुद्धा नवी वस्तू आहे. आंब्याच्या पंडुमालाच ती देवीला दाखवायची. तोवर कुणी बटण दाबायचं नाही. लाइनमननं काम तपासताना टेस्टर लावला होता आणि त्यात लाल ठिपका पेटला होता. तो पंडुमाआधी खाल्ल्यात धरायचा की नाही, यावर गावात मोठा वाद झाला. लाइनमन आपल्या गावचा नाही, म्हणून धरायचा नाही असं ठरलं.

मी हसत सुटले. मग लक्षात आलं की भाऊ हसत नाहीत. पंडुमाचा दिवस पोरीची सुट्टी संपल्यानंतर येत होता.

पोरगी आली. मोटर खरंच घेऊन आली, बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून. पायात बूट, केस आखूड, हातात पाण्याची बाटली. मी तिला जवळ घेतलं. एक गोष्ट मला खटकली. पूर्वी माझ्या दुकानात गुपचूप बसणारी ही पोर आता बसत नव्हती. स्टुलावर टेकायची, घड्याळ बघायची, उठायची.

मोटर बसवायला मला येतं, म्हणून त्यांच्याबरोबर गावी गेले. फाट्यापर्यंत बस, पुढे नाला ओलांडून पायी. गावात शिरले आणि थांबलेच. प्रत्येक भिंतीवर नवी पांढरी वायर, प्रत्येक वाशाला बल्ब, आणि एकही बटण खाली नाही. भाऊ स्वतःच्या घरातून भूमियाच्या घरी आणि भूमियाच्या घरून स्वतःच्या घरी, सारखे जात-येत होते. मीही एका फेरीला त्यांच्यामागे गेले.

भूमिया सावलीत बसून बांबूच्या कांब्या काढत होता. टोपली विणायची होती.

"पोट्टी चालली आता," भाऊ म्हणाले. "तिच्यापुरतं लावू द्या."

"पंडुम एकट्याचा होते का रे?"

"हे काही झाडाले नाई लागलं. हे ऑफिसातून आलं."

"मंग तं दाखवाच लागते," भूमिया शांतपणे म्हणाला. "झाडाचं तिले मालूम आहे. हे कुठून आलं, तिले का मालूम?"

मी बौद्ध घरातली. देवीला विचारून बल्ब लावायचा, हे मला पटणारं नव्हतं आणि मला गप्प बसवत नाही. "बाबा," मी म्हटलं, "अहेरीत आम्ही कुणाला न विचारता रोज लावतो. काही होत नाही."

त्यानं मान वर केली. "तिथी जात नाई का लाइन, बाई?"

त्याच सकाळी माझी इस्त्री गार पडली होती. भाऊ तोवर पुन्हा घराकडे निघाले होते.

घरात मी मशीनला मोटर बसवली, पट्टा ओढून घेतला, तेल घातलं. पिन भिंतीत खोवली. राहिलं होतं ते फक्त बटण. दुपार होती, माणसं मोह वेचायला रानात गेलेली, गल्ली रिकामी. भाऊंनी बाहेर डोकावून पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

"लाव माय," ते हळूच म्हणाले. "कोणी नाई. दोन टाके मार, मले पाहू दे."

आयुष्यात ज्यानं पंडुमाआधी आंब्याची फोडसुद्धा चाखली नव्हती, तो माणूस हे म्हणत होता. पोरगी मशीनवर बसली. कापडाचा तुकडा सुईखाली सरकवला. बटणावर बोट ठेवलं.

तिनं बोट काढून घेतलं.

"नाई बाबा. मी जाइन निघून. तुम्हाले इथीच राहा लागते. गाव तुम्हाले बोलन."

बापाची काळजी होती म्हणून बोलली ती, दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. 'मी जाइन निघून' हे तर इतक्या सहज आलं की आपण काय बोललो हे तिलाही कळलं नसावं. मला कळलं. भाऊंकडे बघायचा मला धीर झाला नाही. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "तुमच्यासाठी पाणी आणतो बाई," आणि भरलेल्या माठाजवळून बाहेर गेले.

त्यानंतर आम्ही तिघं पट्ट्याबद्दल, तेलाबद्दल, मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या दोऱ्यांबद्दल पुष्कळ बोललो. निघायच्या दिवशी अहेरीच्या स्टँडवर ते तिला म्हणाले, "पंडुम झाला का सांगतो." ती हो म्हणाली. खिडकीतून तिनं हात हलवला तेव्हा भाऊ बसच्या चाकाशी वाकून काहीतरी बघत होते.

पंडुमाचं मला त्यांनीच सांगितलं. सगळ्यात जवळच्या घरातून देवीच्या झाडापर्यंत वायर ओढली, ती भाऊंनीच. खाली आंबे मांडले, तांदूळ मांडले, कोंबडं कापलं. ऊन उतरल्यावर भूमियानं देवीला सांगितलं की ही नवी वस्तू आहे, हिला लाइन म्हणतात, गावाला हिचा त्रास होऊ देऊ नको. पहिला बल्ब तिथं लागला. मग ओळीनं घराघरांतले. बायका नाचल्या, म्हातारे रडले.

"आणि तुमच्या घरी?"

"मीही दाबलं बटण. लागला. मंग करायले काही उरलंच नाई, बाई."

एवढ्यात तिचा फोन आला. "झाला पंडुम, माय. भक्क उजेड पडते. मशीन पुसून ठेवली. कधी येतं?" मग ते ऐकत राहिले. "बरं," म्हणाले. "बरं. नाई नाई, मले का होते? जेव तू. घंटी होइन." फोन खिशात टाकून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"यंदा नाई म्हणते. पुढच्या वर्षी पाहू म्हणते."

मी काहीतरी समजूत घालू लागले. पगार आहे, मैत्रिणी आहेत, त्या वयाच्या पोरी अशाच असतात, वगैरे.

"लाइन नव्हती तवा ती येणार होती, बाई," ते म्हणाले.

मी मशीन चालू केली आणि एक बाही उलटी लावली.

गावाचे फोन आता घरीच भरू लागले. भरलेले आणि मुके, कारण टॉवर अजूनही नाहीच. पूर्वी आठवड्यातून एकदा तरी बाहेरचा शब्द गावात जायचा. तोही जवळजवळ बंद झाला. दोन-तीन घरं नुसत्या निरोपांसाठी फोन द्यायची, पण नुसत्या निरोपासाठी तांदूळ कुणाच्या हातून सुटत नाही, आणि त्यात त्यांचीही काही चूक नाही. शेत म्हणावं तर भाऊंचं नावाला. तरी पावसाळाभर ते बाजाराला येत राहिले, पिशवीत तीन फोन खुळखुळत. फोन आला की मुलीशी बोलायचे आणि लगेच परत. हिवाळा सरताना मिरचीवाल्यांच्या टेम्पोत मला ते दिसले. मागे, दांड्याला धरून उभे. टेम्पो दुकानासमोर अडकला होता तेवढ्यात ओरडून म्हणाले, "येतो बाई! घरी बसून का होते!"

त्या वयात मिरची तोडायला. पिशवीबद्दल मी बोलले होते ते खरं झालं, आणि खरं बोलल्याचा मला काडीचाही आनंद नाही.

एक दिवस अवकाळी वारा सुटला. दुसऱ्या सकाळी तेलंगणातून त्यांचा फोन आला.

"बाई, एक काम होतं. तिकडं वादळ झालं म्हणतेत. एकडाव गावात जाऊन पाहता का, माह्या घरचा बल्ब चालू आहे का?"

"कुणी लावला बल्ब? घराला तर कुलूप असेल."

"मीच चालू ठेवून आलो. ती एकदम आली तं? कंपनीतून सुटलेलं लेकरू, अंधारात घर उघडन का?"

माझी लग्नसराई होती, ब्लाउजांचा ढीग पडला होता. मी त्यांना हे सगळं ऐकवलं. मग दुकान बंद केलं आणि गेले. बस, फाटा, नाला. वाऱ्यानं वाटेत फांद्या पडल्या होत्या, पण खांब उभे होते. किल्ली भूमियाकडे होती. त्यानंच दार उघडलं.

भर दुपारी त्या खोलीत बल्ब जळत होता. खाली मशीन, तिच्यावर जुनं लुगडं झाकलेलं, पिन भिंतीत खोवलेली. चूल सारवलेली, थंड. कोपऱ्यात रोवळी पालथी. घरात वापरलेलं असं काही नव्हतं.

"बंद करू नका म्हणून सांगून गेला," भूमिया म्हणाला. "आम्ही नाई केला." मग त्यानं विचारलं, "येते का पोट्टी?"

मी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते मलाच माहीत नाही. त्यानं कुलूप लावलं. दाराच्या फटीत उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती, आणि अंगणात लख्ख ऊन होतं.

टेकडीवर चढले तेव्हा कुठे रेंज मिळाली. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

"आहे का, बाई?"

"आहे भाऊ. चालू आहे."

"अन् आणखी... कोणी नाई ना घरात?"

"नाही."

मला म्हणायचं होतं, भाऊ, बंद करू का? ती येणार असेल तर आधी कळवेल, तुम्ही याल तेव्हा तुम्ही लावाल, घरात माणूस नाही तर हा उजेड कुणाला? माझा स्वभाव तसाच आहे, तोंडावर बोलायचा. पण मी म्हटलं ते एवढंच, "खांबही उभे आहेत, भाऊ."

"मंग राहू द्या चालू," भाऊ म्हणाले. मागून त्यांना कुणीतरी तेलुगूत हाक मारली, आणि फोन बंद झाला.